इमारत किती वीज खाते ते तिच्या दारावर लिहा

प्रति,
मा. प्रधान सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे

विषय : विदर्भातील तालुक्याच्या गावांतल्या व्यापारी व सरकारी इमारतींना ऊर्जा-दाखला सक्तीचा करण्याबाबत

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो आणि विजेची ठेकेदारी करतो. दुकानांचे गाळे, पतसंस्थांची कार्यालये, दवाखाने, मंगल कार्यालये, बँकांच्या शाखा, कापसाच्या जिनिंग कारखान्यांतली ऑफिसे यांची वायरिंग, लोडमंजुरीचे कागद आणि उन्हाळ्यात जळालेल्या केबली हेच माझे रोजचे काम. मागणी काय आहे ते आधीच सांगतो. विदर्भात भाड्याने दिली जाणारी किंवा लोकांच्या कामासाठी उघडी असणारी प्रत्येक व्यापारी आणि सरकारी इमारत वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज वापरते आणि मे महिन्यात दुपारी आतून किती तापते, हे दोन आकडे तिच्या दर्शनी भागावर लिहिलेले असावेत. सुरुवात सरकारी इमारतींपासून व्हावी.

फ्रिज किंवा एसी घेताना आमच्या गावचा माणूसही आता तारे मोजतो. तीन स्टारचा घ्यायचा की पाच स्टारचा, यावर दुकानात अर्धा तास घासाघीस होते. तोच माणूस पाच वर्षांसाठी गाळा भाड्याने घेतो तेव्हा गाळ्याचे तोंड कोणीकडे, चौकापासून किती लांब, डिपॉझिट किती, एवढेच विचारतो. त्याहून जास्त विचारायला त्याच्या हाती काही नसते. त्या गाळ्याचे छत आणि भिंती पुढची पाच वर्षे त्याच्याकडून किती वीजबिल वसूल करणार, हे सांगणारा एकही कागद आपल्याकडे नाही. एसीला तारे आहेत, एसी ज्या खोलीत लावायचा त्या खोलीला नाहीत.

कायदा नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा आहे. त्याखाली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. चालू कार्यालयीन इमारतींना तारे देण्याची ऐच्छिक योजना २००९ पासून आहे. पण संहिता लागू होते ती १०० किलोवॅट जोडभार (बसवलेल्या सगळ्या उपकरणांचा भार) किंवा १२० केव्हीए करारभार (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) किंवा त्याहून जास्त असलेल्या इमारतींना, आणि तारे देण्याची योजनाही १०० किलोवॅटचीच पायरी धरून आखलेली. नागपूरच्या मॉलला आणि मोठ्या इस्पितळाला ही पायरी ठीक आहे. आमच्याकडे मात्र दहा-बारा गाळ्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक गाळ्याचा मीटर वेगळा, प्रत्येकाचा मंजूर भार तीन-चार किलोवॅट. त्यांची बेरीज कोणी करत नाही. पंचायत समितीची इमारत, बँकेची शाखा, दोन मजली दवाखाना, साडी सेंटर, कोचिंग क्लास, यांतले क्वचितच काही त्या पायरीपर्यंत पोचते. म्हणजे जिथे ग्रामीण विदर्भाचा सगळा व्यवहार चालतो, तो इमारतींचा अख्खा थर कायद्याच्या नजरेखालून निसटून जातो. २०२२ च्या दुरुस्तीने ही पायरी खाली आणण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. तो विदर्भासाठी वापरा, एवढीच विनंती आहे.

विदर्भासाठीच का, हे सांगतो. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावे तर दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वात तापलेल्या गावांच्या यादीत येतातच. मेच्या उत्तरार्धात आमच्या भागावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच काळात येतो आणि त्याच्या आगेमागेच नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. इमारतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आमच्याकडे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ येतच नाही. मार बसतो तो छतावर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. वऱ्हाडातली धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरे, जाड मातीच्या भिंती, कवेलूचे उंच छप्पर, पुढची ओसरी, हे सगळे या दोन बाजू सांभाळण्यासाठीच होते. आता तालुक्याच्या गावात जी इमारत उठते ती पाच इंची उघडी स्लॅब आणि समोरून काच घेऊन उठते.

या काचेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे मी रोज पाहतो. हल्ली गाळे बांधून झाले की मालक ‘एलिव्हेशन’ करून घेतात. समोर एसीपीचे (प्लास्टिकच्या थराला ॲल्युमिनियम चढवलेले) पत्रे, मध्ये निळसर किंवा साधी काच, खिडकी उघडायची सोयच नाही. रस्ता पूर्वेला असो की पश्चिमेला, एलिव्हेशन तेच. पश्चिमेला तोंड असलेल्या गाळ्याला दहा फूट बाय दहा फूट साधी काच आहे असे धरा. मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास एवढ्या काचेतून चार किलोवॅटच्या वर उष्णता आत येते. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर साधारण पाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे त्या एसीची बहुतेक ताकद काचेने आत घेतलेले ऊन परत बाहेर टाकण्यातच जाते. दुकानातली माणसे, दिवे, कॉम्प्युटर आणि तापलेली स्लॅब यांच्यासाठी मग दुसरा एसी लागतो. दुसरा एसी आला की भार वाढवून घ्यावा लागतो, केबल बदलावी लागते, आणि कॉम्प्लेक्समधल्या सगळ्यांनी हेच केले की डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो. एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज पडते, पंखे रेंगाळतात, एसी जास्त करंट ओढतो आणि एखाद्या रात्री डीपीच जळते. तिच्यावर बाजूच्या वस्तीतली घरेही असतात. ज्यांच्या घरी एसी तर सोडाच, धड कूलरही नाही, त्यांची रात्र त्या काचेपायी जाते. बिल गाळेवाल्याच्या नावावर फाटते, पण किंमत गल्लीतले सगळे मोजतात.

आणि ही बंद काच कूलरही चालू देत नाही. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून आमच्याकडे कूलर इतका चांगला चालतो. एका एसीच्या विजेत पाच-सहा कूलर सहज चालतील. पण कूलरला आत येणारी जितकी हवा, तितकीच बाहेर जायला वाट लागते. खिडक्या उघडणाऱ्या जुन्या इमारतीत एप्रिल-मे कूलरवर निघतात आणि पावसाळ्यात दमटपणा आला की तेवढ्यापुरता एसी लावता येतो. बंद काचेच्या इमारतीत मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत एसीशिवाय दुसरा उपायच उरत नाही. (कूलरला पाणी लागते आणि मेमध्ये आमच्याकडे टँकर फिरतात, हेही खरेच आहे. म्हणूनच आधी इमारत कमी तापली पाहिजे, म्हणजे कूलरही कमी चालवावा लागेल.)

छताचे तर काय सांगावे. भर दुपारी उघड्या स्लॅबच्या दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडते. स्लॅब ते पिऊन घेते आणि तीन-चार तासांनी आत सोडते. एका पतसंस्थेचे कार्यालय वरच्या मजल्यावर आहे. तिथे सायंकाळी पाचच्या सुमारास मी तापमान पाहण्याचे यंत्र स्लॅबच्या आतल्या बाजूला धरले तेव्हा ते ४४ अंश दाखवत होते. एसी चालूच होता. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “भाऊ, चारनंतर इथं बसवत नाही जी. डोक्यावर कोणी तवा धरल्यासारखं वाटते.” मी इमारतीच्या मालकाला वर पांढरा लेप किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) करून घ्यायला सुचवले. तो म्हणाला, “माझं काय जाते? लाईटबिल तर भाडेकरूच भरते.”

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी बहुतेक जण हेच म्हणतील. इमारत बांधतो एक आणि बिल भरतो दुसरा. खर्च करायचा तर मालकाने आणि फायदा व्हायचा तर भाडेकरूचा. भाडेकरूने स्वतः करावे म्हटले तर गाळा पाच वर्षांचा बोलला तरी कागदावर करार अकरा-अकरा महिन्यांचा, दुसऱ्याच्या छतावर तो पैसे का घालील? ही गाठ समजावून सुटत नाही, जाहिराती लावूनही सुटत नाही. ती एकाच गोष्टीने सुटू शकते. गाळा घेण्याआधी घेणाऱ्याला आकडा दिसला पाहिजे. शेजारच्या कॉम्प्लेक्सचा आकडा कमी आणि याचा जास्त, हे दारावरच लिहिलेले असले की भाडेकरू भाव पाडून मागेल. भाडे पाडून मागितले की मालक छताला चुना मारील. हे मी गावातल्या माणसांच्या व्यवहारावरून सांगतो. आमच्याकडे कापसाचा भाव आर्द्रता पाहूनच ठरतो, आकडा डोळ्यांसमोर असला की सौदा बदलतोच.

युरोपात हे झाले आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये निर्देश काढून इमारत बांधताना, विकताना आणि भाड्याने देताना तिचा ऊर्जा कामगिरीचा दाखला देणे बंधनकारक केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये या दाखल्यावर ए ते जी अशी श्रेणी असते आणि तो दहा वर्षे चालतो. पुढे त्यांनी तो दाखला भाड्याशी जोडला. १ एप्रिल २०१८ पासून ई श्रेणीच्या खालची व्यापारी इमारत नव्याने भाड्याने देता येत नाही आणि १ एप्रिल २०२३ पासून चालू करारातल्या इमारतींनाही तोच नियम लागू झाला. ज्या सुधारणेचा खर्च सात वर्षांच्या बचतीतून निघत नाही, तिच्यातून सूट मिळवण्याची सोय ठेवली. म्हणजे मालकाला झेपणार नाही असा खर्च त्याच्या गळ्यात मारला नाही.

त्यांच्याकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. तिथला नेहमीचा दाखला हा हिशोबाचा असतो. भिंत कशाची, काच कोणती, यंत्रे कोणती हे संगणकात भरून श्रेणी काढतात. प्रत्यक्ष मीटर काय दाखवतो ते त्यात येत नाही, आणि कागदावर चांगली दिसणारी इमारत वापरात भरमसाट वीज खाते, ही तक्रार तिथे जुनी आहे. सरकारी इमारतींसाठी मात्र त्यांनी दुसरा दाखला ठेवला, जो प्रत्यक्ष बिलांवरून काढतात आणि लोकांना दिसेल असा दारात लावतात. आधी हजार चौरस मीटरवरच्या इमारतींना तो होता, नंतर अडीचशे चौरस मीटरवरच्यांनाही आला. आपल्याला हाच दुसरा प्रकार हवा. संगणकावर इमारतीचे चित्र उभे करणारे तज्ज्ञ आमच्या तालुक्यात नाहीत आणि शहरातून बोलवायचे तर त्यांची फी गाळ्याच्या वर्षभराच्या बिलाएवढी होईल. वीजबिल मात्र प्रत्येकाकडे आहे.

आपल्या ब्यूरोची ताऱ्यांची योजनाही बिलांवरच चालते, हे तिचे मोठेपण आहे. वर्षाची युनिटे भागिले बांधीव क्षेत्र, झाला आकडा. समजा पंचायत समितीची इमारत ६०० चौरस मीटर आहे आणि वर्षाला ३३,००० युनिट वापरते, तर आकडा आला ५५. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात धरतात, तिथे निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला ८० ते ७० दरम्यान एक तारा आणि ४० च्या खाली पाच तारे. म्हणजे ५५ ला तीन तारे. सातवी शिकलेल्या शिपायालाही हा भागाकार जमतो. बेरीज-भागाकारावर उभा असलेला दाखला कोणीही तपासू शकतो, म्हणून तो आमच्या भागाला योग्य आहे.

पण इथेच एक मोठी चूक होऊ शकते आणि ती टाळावी म्हणून मी हे पत्र एवढे लांबवतो आहे. एकटा युनिटांचा आकडा घेतला तर ग्रामीण विदर्भात पाच तारे कोणाला मिळतील? जिथे दोन पंखे आणि एक ट्यूब आहे त्या आरोग्य उपकेंद्राला मिळतील. टिनाच्या पत्र्याखालच्या रेशन दुकानाला मिळतील. तिथे वीज कमी वापरली जाते ती इमारत चांगली आहे म्हणून नव्हे, थंडाव्याची सोयच नाही म्हणून. बाळंतीण घामाने भिजलेली आहे, सिस्टर खिडकीला ओले पोते लावून बसली आहे आणि दारावर पाच तारे, असा दाखला म्हणजे अन्यायाला शाबासकी होईल. शिवाय उद्या तिथे एसी देण्याचा प्रस्ताव गेला तर कोणी तरी हेच तारे दाखवून तो नाकारील, याची मला खरी भीती वाटते.

म्हणून दुसरा आकडा हवा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सुटीच्या दिवशी, एसी-कूलर बंद असताना, सायंकाळी पाच वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या मधोमध, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तापमान घ्यावे. त्याच वेळी बाहेर सावलीतलेही घ्यावे. ‘बाहेर ४४, आत ४१’ किंवा ‘बाहेर ४४, आत ३७’ असे दाखल्यावर लिहावे. याला लागणारा तापमापक काही शेकड्यांत मिळतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की इमारतीची खरी गत कळते. वीज कमी आणि आत थंड, ती इमारत चांगली. वीज कमी आणि आत भट्टी, तिथल्या माणसांना मदत हवी. वीज भरपूर आणि एसी बंद केल्यावर आत भट्टी, तिथे मालकाला खर्च करायला लावा. जुन्या, जाड भिंतींच्या आणि व्हरांड्याच्या कचेऱ्या या मोजणीत नव्या काचेच्या इमारतींच्या पुढे जातील, असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर त्या पाडून नव्या बांधण्याच्या प्रस्तावांकडे आपण दोनदा पाहाल.

जिनिंग-प्रेसिंग आणि शीतगृहांबद्दल एक सूचना. वरुड-मोर्शीच्या बाजूला संत्र्यांची शीतगृहे आहेत, आमच्याकडे जिनिंग आहेत. त्यांची वीज यंत्रांवर जाते. ती इमारतीच्या आकड्यात मिसळू नका, त्यांच्या फक्त कार्यालयाला आणि गोदामाला दाखला द्या. नाही तर ते लोक हकनाक बदनाम होतील आणि योजनेच्या विरोधात उभे राहतील.

आता हे करायचे कसे. माझ्या मते यातले अवघड काम आधीच झालेले आहे. प्रत्येक ग्राहकाची बारा महिन्यांची युनिटे महावितरणकडे आहेत. प्रत्येक इमारतीचे बांधीव क्षेत्र नगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत आणि गावात ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये आहे. एकाकडे वरचा आकडा आहे, दुसऱ्याकडे खालचा. भागाकार तेवढा कोणी केलेला नाही. मालमत्ता क्रमांक आणि वीज ग्राहक क्रमांक एकमेकांशी जोडा. कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या मीटरांची बेरीज त्या एका इमारतीच्या नावावर धरा, जिन्याचा आणि पंपाचा मीटरही त्यात घ्या. बंद पडलेल्या गाळ्यांचे क्षेत्र वगळा. जिथे नोंदीतले क्षेत्र आणि प्रत्यक्षातले क्षेत्र जुळणार नाही, तिथे नगरपालिकेला करही वाढवून मिळेल, म्हणजे त्यांचाही यात स्वार्थ आहे. तापमान घेण्याचे काम आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या आणि तंत्रनिकेतनाच्या मुलांना द्या, मानधन द्या. आमच्या तालुक्यात पदविका घेऊन घरी बसलेली पोरे आहेत, त्यांना मेमध्ये काम मिळेल.

दाखला म्हटला की आमच्याकडे माणसाला आधी टेबल आणि टेबलाखालचा हात आठवतो. आणखी एक कागद, आणखी एक शिक्का, आणखी एक चक्कर, ही धास्ती खोटी नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे. दाखल्यासाठी कोणाला अर्जच करावा लागू नये. आकडा महावितरणने आणि नगरपालिकेने मिळून स्वतःहून काढावा, सगळ्या इमारतींची यादी युनिटे आणि क्षेत्रासह जाहीर करावी आणि ज्याला चूक वाटते त्याने हरकत घ्यावी. जिथे मंजुरी नाही तिथे वसुली नाही. आकडा वाईट आला म्हणून पहिली तीन वर्षे दंडही नको, नुसता दिसू द्या.

सोलर लावले की झाले, असे काही अधिकारी आणि बरेच व्यापारी म्हणतात. मी स्वतः सोलर बसवतो आणि ते बसले पाहिजे याच मताचा आहे, पॅनलची सावली छताला पडते तो फायदा वेगळाच. पण पॅनलच्या सावलीबाहेरचे छत आणि पश्चिमेची काच सोलर लावल्याने कमी तापत नाहीत, आणि स्लॅब जेव्हा उष्णता आत सोडते तेव्हा सूर्य मावळतीला गेलेला असतो. म्हणून दाखल्यावर सोलर वजा न करता एकूण वापर लिहावा, सोलरची युनिटे वेगळी दाखवावीत.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा हीही विदर्भातच. वणी, बल्लारपूर, उमरेडच्या खाणींतला कोळसा, त्याची राख आणि धूळ आमच्या वाट्याला येते. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. तो कोळसा एखाद्या बंद काचेवर पडलेले ऊन बाहेर फेकण्यासाठी जळतो, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. पंप चालवायला रात्री-अपरात्री शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे. वाचलेले युनिट तिकडे गेले तर त्याच्यासारखे पुण्य नाही.

पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले. सरकारी आणि व्यापारी इमारतींच्या छतांना ऊन परतवणारा लेप किंवा फरशी तिथे बंधनकारक केली. ऊन तेच, काळी माती तीच, कापूसही तोच. पांढऱ्या छताने वरच्या मजल्यावरचे तापमान दोन-चार अंशांनी उतरते, हा कुठेही आलेला अनुभव आहे. आपल्याकडे निदान नव्या बांधकामाला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. छत पांढरे आहे का, आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरून छज्जा, जाळी किंवा उभी आडोशाची पट्टी आहे का. आतून लावलेल्या पडद्याचा फारसा उपयोग होत नाही, काचेतून आलेले ऊन एव्हाना आत आलेलेच असते.

म्हणून माझी विनंती अशी. या वर्षी विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत तहसील कार्यालये, पंचायत समित्या, ग्रामीण रुग्णालये, महावितरणची स्वतःची उपविभागीय कार्यालये आणि नगरपालिका इमारती यांची युनिटे आणि क्षेत्र काढा. पुढच्या मेमध्ये त्यांचे आतले तापमान घ्या आणि दोन्ही आकडे दाराशी रंगवून लावा. महावितरणचे कार्यालय पहिले असले तर लोक जास्त विश्वास ठेवतील. त्यानंतरच्या वर्षी संहितेची पायरी विदर्भापुरती १०० वरून २० किलोवॅटवर आणा. महावितरणच्या व्यापारी दरातला पहिला टप्पा २० किलोवॅटलाच संपतो, त्यामुळे त्याच्या वरचे ग्राहक निवडून काढायला नवी यादी करावी लागणार नाही. कॉम्प्लेक्सला मात्र एकेका गाळ्याचा नव्हे, सगळ्या मीटरांच्या बेरजेचा भार धरा. आणि नोंदणीकृत भाडेकरारात मालमत्तेच्या वर्णनाखाली या दोन आकड्यांसाठी एक ओळ वाढवा. बँका आणि विमा कंपन्या तालुक्याच्या गावी दीर्घ मुदतीने जागा घेतात. त्यांनी जागेच्या जाहिरातीत हे आकडे मागायला सुरुवात केली तरी निम्मे काम होईल, त्यांना तसे पत्र आपल्याकडून जावे.

आमच्या तालुक्यात मोजणीसाठी माणूस लागला तर मी येईन. क्लॅम्प मीटर आणि तापमापक माझे आहेत, मानधन नको. गावातल्या ज्या इमारतींची वायरिंग मी केली आहे त्यांच्या मालकांशीही मी बोलतो आहे आणि दोघे-तिघे आपले आकडे दारावर लावायला तयार आहेत. त्यांना विचारायचे आहे ते एवढेच की पाटी कोणत्या नमुन्यात रंगवायची. तो नमुना आपल्या कार्यालयाकडून आला तर बरे होईल.

कळावे,

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार
यवतमाळ जिल्हा